भावंडांची ताटातूट टाळायची असेल तर

आजचा विषय जरा जड आहे, पण माहीत असायला हवा असा आहे.

इथे अमेरिकेत आईवडिलांकडे मूल सुरक्षित नाही असं ठरलं, की त्याला काही काळ दुसऱ्या कुटुंबात ठेवतात. यालाच फॉस्टर केअर म्हणतात. एका मुलासाठी घर मिळतं. तिघं भावंडं असली, तर तिघांना सामावून घेणारं घर त्याच दिवशी मिळेलच असं नाही. मग थोरली एका गावात, धाकटे दोघं दुसऱ्या गावात, अशी पांगापांग होते. आईबाबा दुरावलेले, कधी शाळाही बदललेली. अशा वेळी धाकट्यांना ओळखीचं माणूस उरतं ते फक्त ताई.

म्हणून २००८ च्या केंद्रीय कायद्याने भावंडांना एकत्र ठेवण्यासाठी योग्य ते प्रयत्न करणं राज्यांवर बंधनकारक केलं. अपवाद एकच: त्यामुळे एखाद्या मुलाच्या सुरक्षिततेला किंवा हिताला धोका असेल तर. वेगळं ठेवावंच लागलं, तर त्यांच्या वरचेवर गाठीभेटी व्हायला हव्यात. पुढे २०१८ च्या कायद्याने एका फॉस्टर घरात सहाच मुलांची मर्यादा घातली, पण भावंडांना एकत्र ठेवण्यासाठी ती ओलांडायची मुभा दिली.

पण कायदा म्हणजे घर नव्हे. घर द्यायला माणसं लागतात, आणि इथे नातेवाइकांचं काम सुरू होतं. मुलं ताब्यात घेतल्यापासून ३० दिवसांत आजी-आजोबा, काका, मामा, मावशी अशा सज्ञान नातेवाइकांना शोधून कळवणं हे राज्याचं काम आहे. आपण काय करू शकतो आणि उत्तर दिलं नाही तर कोणते पर्याय हातचे जाऊ शकतात, हे त्या सूचनेत सांगावं लागतं. म्हणून ‘कशाला त्या भानगडीत’ म्हणून ते पत्र बाजूला ठेवू नका.

घर लहान आहे? खोलीच्या मापासारखे, सुरक्षिततेशी संबंध नसलेले नियम नातेवाइकांसाठी शिथिल होऊ शकतात. मुलांना ठेवून घेणं जमणार नाही? तरी कळवा. भावंडांना भेटायला नेणं, सणाला घरी बोलावणं, फोनवर मराठीत बोलणं, हेही मोलाचं आहे. आणि विचारा: भेटी किती दिवसांनी होणार? मुलांना नेणार-आणणार कोण?

मुलं तुमच्याकडे असतील, तर कोर्टाच्या सुनावणीत तुम्हाला बोलायचा हक्क आहे. प्रकरणाचा आढावा निदान सहा महिन्यांतून एकदा होतोच. तपशील राज्यागणिक बदलतात, तेव्हा स्थानिक वकिलाचा सल्ला जरूर घ्या.

ऐकत राहा. पुन्हा भेटूच.