तुकड्या-तुकड्यांचा विरंगुळा

"वहिनी, दिवाणाखाली ती फळी कसली ठेवलीय? झाडू आत जातच नाही," कामाच्या मावशींनी विचारलं आणि मी जराशी ओशाळलेच. त्या फळीवर माझं अर्धवट लावलेलं जिगसॉ पझल होतं. चाळिशी उलटलेली बाई चित्राचे तुकडे जुळवत बसते, हे सांगायचं म्हणजे पंचाईतच! विणकाम केलं, रुखवत मांडलं, तर चार जणी कौतुक करतात. पझलचं काय, चित्र पूर्ण झालं की मोडायचं आणि परत डब्यात भरायचं.

मला हा नाद लागला २०२०च्या टाळेबंदीत. मार्चमध्ये लोकल बंद झाल्या आणि आमचं डोंबिवली स्टेशन कधी नव्हे ते गप्प झालं. घरात माणसं चार, खोल्या दोन. लेकीला कधीतरी वाढदिवसाला आलेलं पाचशे तुकड्यांचं पझल कपाटात तसंच पडून होतं. जर्मनीतल्या न्यूश्वानस्टाइन राजवाड्याचं चित्र. पहिल्या दिवशी नुसत्या कडा लागल्या. कडेचा तुकडा ओळखायला सोपा, त्याची एक बाजू सरळ असते. मग राजवाडा झाला, झाडं झाली, आणि उरलं आभाळ! शंभरेक तुकडे, सगळे निळे. मी हात टेकले.

सासूबाई इतके दिवस लांबूनच बघत होत्या. "एवढ्या वेळात दोन जुड्या मेथी निवडून झाली असती," हे त्यांचं रोजचं. त्या दिवशी मात्र खुर्ची ओढून बसल्या. मोतीबिंदूमुळे नीट दिसत नव्हतं. एका तुकड्याच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाल्या, "अगं, रंग सगळ्यांचा सारखाच, मग रंगाकडे काय बघतेस? ह्याचा कान बघ, त्याचा खळगा बघ." जन्मभर तांदूळ निवडलेली बोटं ती! आठवड्याभरात आभाळ पुरं झालं.

ह्या खेळाचा जन्म मुळी शाळेसाठी झाला, हे मला नंतर कळलं. लंडनमधल्या जॉन स्पिल्सबरी नावाच्या नकाशे करणाऱ्या माणसानं १७६०च्या दशकात नकाशे पातळ लाकडी फळ्यांवर चिकटवून देशांच्या सीमांवरून कापले. मुलांनी ते जुळवत भूगोल शिकायचा. पुढे १९३०च्या दशकातल्या मंदीत अमेरिकेत पुठ्ठ्याची स्वस्त पझल्स निघाली, तेव्हा मोठ्या माणसांनाही त्यांचं वेड लागलं. काही वाचनालयं तर पुस्तकांसारखी पझल्स घरी न्यायला देत. आपल्याकडे ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं, कल्याणचं सार्वजनिक वाचनालय त्याहून जुनं, १८६४चं. अशा आपल्या वाचनालयांत पझल्सचं एक कपाट असतं तर किती बरं झालं असतं, असं मनात येतंच. कारण चांगलं पझल स्वस्त नसतं, आणि एकदा लावल्यावर लगेच पुन्हा लावायची हौस कुणाला असते?

दुसरी अडचण जागेची. हजार तुकड्यांचं चित्र साधारण ७० बाय ५० सेंटीमीटर होतं. जेवणाच्या टेबलावर मांडलं तर जेवायचं कुठे? मी सुताराकडून प्लायवूडची फळी कापून आणली. दुपारी बाहेर, संध्याकाळी दिवाणाखाली. एक तुकडा केरात गेला, तेव्हापासून केर टाकण्याआधी मी तो चाळते, हे मावशींना अजून सांगितलेलं नाही.

ह्यानं स्मरणशक्ती वाढते, असं दुकानदार सांगतात. जर्मनीतल्या उल्म विद्यापीठातल्या संशोधकांनी पन्नाशीच्या पुढच्या माणसांना ३० दिवस, रोज किमान एक तास पझल्स लावायला दिली होती. २०१८ साली निष्कर्ष आले. तेवढ्यानं बुद्धीत लक्षात येण्याजोगा फरक पडलेला दिसला नाही. मला तर हे वाचून बरंच वाटलं. आपण बायका प्रत्येक गोष्टीचा उपयोग दाखवल्याशिवाय ती करतच नाही ना! माझी दुपारची तीन ते चार ही वेळ कशाच्याही उपयोगाची नाही, असं मी आता घरात स्पष्ट सांगते.

कल्याणच्या एका वस्तीत आम्ही काही जणी दर गुरुवारी बसतो, बायकांच्या अडचणी ऐकायला. तिथे पझल घरीच करायचं ठरलं. जुन्या कॅलेंडरचं चित्र पुठ्ठ्यावर चिकटवून कापायचं. पण कॅलेंडरं सगळी देवादिकांची, आणि देवाच्या चित्राला कात्री लावायला कुणी तयार होईना. शेवटी एकीनं काश्मीरच्या सरोवराचं आणलं. साठ तुकडे केले, कात्रीनं बोटं दुखली.

त्या दिवशी सतरंजीवर सगळ्या वाकून बसलेल्या. एक जण गेले पाच-सहा महिने यायची आणि "बरं चाललंय" एवढंच म्हणायची. समोर बसवून विचारलं की पदराशी चाळा करायची. शिकाऱ्याचा तुकडा शोधता शोधता, वर न बघता ती म्हणाली, "ताई, माझं मंगळसूत्र धरून सगळं ह्यांनी गहाण टाकलंय. चिठ्ठीसुद्धा मला दाखवत नाहीत." कुणी हातातलं काम थांबवलं नाही. शेजारचीनं तिच्यापुढे आणखी चार तुकडे सरकवले आणि ती बोलत राहिली. २००५च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात स्त्रीधन परत मागता येतं, हे तिला ठाऊकच नव्हतं. पुढच्या आठवड्यात तिच्याबरोबर संरक्षण अधिकाऱ्याकडे जाऊन अर्ज दिला. दागिने अजून मिळालेले नाहीत, तारखा पडताहेत. गुरुवारी मात्र ती न चुकता येते.

आता गुरुवारसाठी दुसरं चित्र हवंय. आमच्या दुर्गाडी किल्ल्याचा फोटो मोठा करून घ्यावा, असं माझ्या डोक्यात आहे. घरी हे बोलले, तर सासूबाई लगेच म्हणाल्या, "खाडीच्या बाजूनं नको काढूस. पाणी आणि आभाळ, दोन्ही लावताना जीव जाईल!"