कमिशन आधी मागणारा अडत्या नव्हे

ट्रॅक्टरचे चित्र असलेली पाच रुपयांची जुनी नोट तुमच्याकडे असेल तर तिचे लाखो रुपये मिळतील, अशा जाहिराती गेली काही वर्षे मोबाईलवर फिरत आहेत. फोटो पाठवा, ऑनलाईन लिलावात नोट आम्ही विकून देतो, आमचे कमिशन तेवढे द्या, असे समोरचा गोड बोलतो. पेन्शनवर जगणारा म्हातारा, धुणीभांडी करणारी बाई, नोकरीविना घरी बसलेला पदवीधर असे सारेच फोटो पाठवतात. मग नोंदणी फी येते. मग 'टॅक्स' येतो. मग रिझर्व्ह बँकेच्या नावाचे बनावट पत्र येते. गिऱ्हाईक मात्र कधीच येत नाही. शेवटी ४ ऑगस्ट २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेलाच जाहीर खुलासा करावा लागला की अशा व्यवहारांत बँक पडत नाही, त्यासाठी शुल्क वा कमिशन घेत नाही आणि आपल्या वतीने ते गोळा करण्याचा अधिकार तिने कुणालाही दिलेला नाही.

अशी माणसे फसली की त्यांच्याच घरातील शिकलेली पोरे म्हणतात, दुसऱ्याची वस्तू ऑनलाईन विकून कमिशन मिळवणे हा धंदाच थोतांड आहे. आम्हाला हे मान्य नाही. धंदा खरा आहे आणि त्यात मेहनती तरुणाला चार पैसेही आहेत. थोतांड आहे तो पैसे मागण्याचा क्रम. फळभाजीची अडत २०१६ साली महाराष्ट्र सरकारने शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायला लावली. त्याआधी अडत्या बोली लावून माल विकायचा आणि अडत, हमाली, तोलाई कापून पट्टी शेतकऱ्याच्या हाती द्यायचा. त्या पट्टीत शेतकरी किती नागवला गेला हा वेगळा विषय आहे. परंतु माल विकण्याआधीच 'माझी अडत टाक' म्हणणारा अडत्या कुणी पाहिला आहे काय?

या धंद्याचे ऑनलाईन रूप अमेरिकेत आकाराला आले. पिअर ओमिड्यार यांनी १९९५ साली सुरू केलेल्या लिलावाच्या संकेतस्थळाचे पुढे 'ईबे' झाले. घरात पडून असलेला कॅमेरा, घड्याळ, गिटार विकावे असे अनेकांना वाटे, पण फोटो काढणे, वर्णन लिहिणे, बोलीवर लक्ष ठेवणे, पार्सल बांधणे याला सवड नव्हती. मग 'वस्तू आमच्याकडे आणून टाका, आम्ही ईबेवर विकतो' असे फलक लावलेली दुकाने निघाली. २००५ च्या 'द फॉर्टी इयर ओल्ड व्हर्जिन' या विनोदी चित्रपटातील नायिका असेच दुकान चालवते, इतकी ती तिकडे ओळखीची झाली होती. वस्तू विकली की तीसएक टक्के दुकानदाराचे, ईबेची फी वेगळी आणि उरेल ते मालकाचे.

पण हिशेब करून पाहा. तीस टक्के धरले तर ३० डॉलरच्या वस्तूवर ९ डॉलर आणि ३०० डॉलरच्या वस्तूवर ९०. फोटो, वर्णन, पुठ्ठ्याचे खोके, चिकटपट्टी आणि गिऱ्हाइकाच्या शंकाकुशंका मात्र दोन्हीकडे सारख्याच! भाडे आणि पगार निघेनात तेव्हा त्यातली बरीच दुकाने बंद पडली. आमच्या तरुणांनी यातून एवढे घ्यावे की घरातूनच काम करावे आणि नाणी, पोस्टाची तिकिटे, जुने कॅमेरे, दुर्मिळ पुस्तके यांपैकी एखाद्याच मालाची पारख कमवावी. सगळेच विकणारा सगळ्यातच मार खातो.

आपल्याकडे मुंबईची बाझी डॉट कॉम ही लिलावाची कंपनी ईबेने २००४ साली विकत घेतली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ईबे इंडियाचे दुकान बंद झाले. नाण्या-तिकिटांची लिलावगृहे ऑनलाईन बोली घेतात, पण गावोगावच्या बोली लागतात त्या व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर आणि फेसबुकवर. तेथे मध्ये कुणी जबाबदार कंपनी उभी नसते. मालक, दलाल आणि गिऱ्हाईक, बस्स. म्हणूनच कायदा ठाऊक हवा.

हा कायदा नवा नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा, त्याचे दहावे प्रकरण एजंटाविषयी आहे. वेगळा करार नसेल तर काम पुरे होईपर्यंत एजंटाचा मोबदला देय होत नाही, असे कलम २१९ सांगते. दीडशे वर्षांपूर्वीचे हे एक वाक्य त्या ट्रॅक्टरच्या नोटेच्या भामट्याला पुरेसे उत्तर आहे. मालकाने मागताच एजंटाने हिशेब दिला पाहिजे, असे कलम २१३ म्हणते. मालकाला अंधारात ठेवून एजंटाने वस्तू स्वतःच घेतली आणि पुढे चढ्या भावाने विकली, तर तो नफा मालक मागू शकतो, हे कलम २१६. बोली फुगवण्यासाठी विकणाऱ्याने मित्रांच्या नावाने खोट्या बोली लावल्या, तर मालविक्री कायदा १९३० च्या कलम ६४ प्रमाणे गिऱ्हाईक तो सौदा रद्द ठरवू शकते. आणि विक्रीचे पैसे अप्रामाणिकपणे खिशात घालणे हा नुसता दिवाणी तंटा नव्हे. तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खालील विश्वासघाताचा गुन्हा होऊ शकतो, आणि एजंट म्हणून सोपवलेल्या मालाबाबत त्याला शिक्षा अधिक कडक आहे.

येथे एक विषमता आम्हाला खटकते. २००४ च्या डिसेंबरात बाझीच्या प्रमुखाला अटक झाली. एका विक्रेत्याने संकेतस्थळावर अश्लील चित्रफीत विकायला ठेवली होती. उद्योगजगतात मोठी ओरड झाली. पुढे माहिती तंत्रज्ञान कायद्यात दुरुस्ती झाली, ती २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली. 'मध्यस्थ' या शब्दाच्या व्याख्येत ऑनलाईन लिलावाची संकेतस्थळे नाव घेऊन आली आणि अटी पाळल्या तर कलम ७९ चे संरक्षण त्यांना मिळाले. त्या प्रमुखाविरुद्धचा खटलाही २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. कंपनीला छत्री मिळाली हे ठीक. पण मालाचे वर्णन स्वतः लिहिणाऱ्या, फोटो स्वतः टाकणाऱ्या कमिशनवाल्या पोराच्या डोक्यावर ती छत्री नाही. माल चोरीचा निघाला तर पोलीस आधी त्याचेच दार ठोठावणार.

आणि वस्तू ज्याच्या हातात आहे तो मालक असतोच असे नाही. १८९८ साली पिपरहवा येथील स्तूप विल्यम पेपे या इंग्रज जमीनदाराने खणला. भगवान बुद्धांच्या अस्थींसोबत सापडलेली बहुतेक रत्ने कलकत्त्याच्या संग्रहालयात गेली, काही पेपे यांच्याकडे राहिली. त्यांच्या वंशजांच्या वतीने सोदबीज या लिलावगृहाने मे २०२५ मध्ये ती हाँगकाँगला बोलीवर लावली! भारत सरकारने नोटीस दिली, बौद्ध जगतातून निषेध उठला, लिलाव थांबला. जुलै २०२५ मध्ये रत्ने मायदेशी आली, तीही गोदरेज उद्योगसमूहाने विकत घेतल्यावर. दुसऱ्याचा माल विकणाऱ्या नामवंत पेढीलाही हा प्रश्न चुकला नाही, तर खेड्यातल्या दलालाने जुनी मूर्ती, ताम्रपट हातात घेताना किती जपावे? असल्या वस्तूंना पुरावशेषांचा १९७२ चा कायदा लागतो. त्या घेऊच नयेत.

बाकी मालासाठी एक साधा कागद करावा. वस्तूचे वर्णन, तिचे दोष, मालकाची सही, किमान किंमत, टक्केवारी, पार्सलचा खर्च कुणाचा, विकली नाही तर परत कधी, आणि पैसे आल्यापासून किती दिवसांत पट्टी मिळणार. शेजाऱ्याकडे कागद कसा मागायचा, असा संकोच आमचे लोक फार करतात. सही घेतली म्हणून शेजार तुटत नाही, पैसे अडकले की तुटतो.

आणि कुणी लिलावाच्या नावाने आधीच पैसे उकळले असतील तर लाजेने गप्प बसू नये. १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा, म्हणजे पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवण्याची शक्यता राहते. पाठवलेल्या पैशांची नोंद, समोरच्याचा नंबर आणि सारे संदेश जपून ठेवावेत. फसलेली माणसे रागाच्या भरात नेमके तेच आधी पुसून टाकतात.