निवड समितीला कायदा हवा

जिल्हा परिषदेच्या भरतीची चर्चा परीक्षा, पेपर आणि कट-ऑफ यांभोवतीच फिरते. भरतीचा जीव मात्र सामान्य प्रशासन विभागात, आस्थापनेच्या टेबलावरच्या बिंदुनामावलीत असतो. ग्रामपंचायत अधिकारी, आरोग्यसेविका, कनिष्ठ सहायक, प्रत्येक संवर्गाची नोंदवही वेगळी. एकेक पद म्हणजे एकेक बिंदू. त्यापुढे प्रवर्ग, त्या जागेवर असलेल्याचे नाव, जात, नेमणुकीची तारीख, जातवैधता प्रमाणपत्राचा तपशील. 1995 च्या आर. के. सभरवाल निकालापासून आरक्षण रिक्त जागांवर नव्हे, पदांवर मोजले जाते. त्यामुळे कोणी निवृत्त झाले की नेमकी कोणत्या प्रवर्गाची जागा मोकळी झाली, हे या वहीवरूनच कळते. विभागीय आयुक्तांच्या मागासवर्ग कक्षाने ती तपासून प्रमाणित केल्याशिवाय जाहिरात निघत नाही. एक नोंद चुकली तर कोणाच्या तरी हक्काची जागा दुसऱ्याच्या नावे जाते. वर्षानुवर्षे ही वही बिनचूक ठेवणाऱ्या वरिष्ठ सहायकाचे नाव कोणत्याही निकालपत्रात येत नाही, पण सगळी भरती त्याच्या अचूकपणावर उभी असते.

ही वही कायद्याने बांधलेली आहे. 2001 च्या आरक्षण कायद्याने 52 टक्क्यांची विभागणी ठरवली आणि ती स्थानिक स्वराज्य संस्थांनाही लागू आहे. निवड करणाऱ्या यंत्रणेला असा आधार नाही. सेवाप्रवेशाचे नियम 1967 चे आहेत. परीक्षा कोणी घ्यायची, कशी घ्यायची, हे मात्र शासन निर्णयाने ठरते आणि शासन निर्णयानेच बदलते. प्रादेशिक दुय्यम सेवा निवड मंडळे आली आणि गेली. जिल्हा निवड समित्या आल्या. मग महापरीक्षा पोर्टल आले, ते 2020 मध्ये बंद झाले. नंतर खासगी कंपन्या नेमल्या. 2021 मध्ये आरोग्य विभागाच्या परीक्षेचे पेपर फुटले. 2022 च्या अखेरीस परीक्षा घेण्यासाठी टीसीएस आणि आयबीपीएस यांची निवड झाली. जिल्हा परिषदांची मार्च 2019 ची 13,521 पदांची जाहिरात या सगळ्यात रखडत 2022 मध्ये रद्द झाली, आणि ऑगस्ट 2023 मध्ये 19,460 पदांसाठी नव्याने अर्ज मागवले गेले. मधल्या काळात कोरोना आला, 2021 मध्ये मराठा आरक्षणाचा कायदा सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही, बिंदू पुन्हा मांडावे लागले, हे खरेच. तरीही तीन वर्षे उमेदवारांना ठाम उत्तर देण्याची जबाबदारी कायद्याने कोणावरच नव्हती. वयाची मर्यादा त्यांच्यासाठी थांबणार नव्हती.

उपाय घटनेतच आहे. अनुच्छेद 321 नुसार विधिमंडळ साधा कायदा करून स्थानिक संस्थांच्या सेवांचे काम राज्य लोकसेवा आयोगाकडे, म्हणजे एमपीएससीकडे देऊ शकते. मुंबई महापालिकेचे सहायक आयुक्तपद एमपीएससीमार्फतच भरले जाते, तेव्हा वाट अनोळखी नाही. आयोगाचा सल्ला बंधनकारक नसतो, मग उपयोग काय, असे कोणी विचारेल. 1957 मध्ये मनबोधनलाल श्रीवास्तव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तसे स्पष्टही केले. पण अनुच्छेद 323 वाचावा. आयोगाचा वार्षिक अहवाल विधिमंडळापुढे ठेवावा लागतो आणि जिथे सल्ला मानला नाही तिथे कारण द्यावे लागते. सल्लागार मंडळाची ताकद या कारण देण्याच्या सक्तीत आहे. शासन निर्णयावर चालणाऱ्या समितीचा सल्ला बाजूला ठेवला, तर विधिमंडळाला कारण सांगण्याचे असे बंधन कोणावर नाही.

कायद्याने मंडळ उभे केले म्हणजे पेपर फुटत नाहीत, असा माझा दावा नाही. गुजरातचे पंचायत सेवा निवड मंडळ तिथल्या पंचायत कायद्यानेच स्थापन झालेले आहे, तरी 29 जानेवारी 2023 च्या कनिष्ठ लिपिक परीक्षेचा पेपर फुटला. मात्र मंडळाने तीच परीक्षा 9 एप्रिलला घेऊन दाखवली. महाराष्ट्राने 2024 मध्ये स्पर्धा परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध कायदा केला, तो आवश्यकच होता. पण तो गुन्हेगाराला शिक्षा देतो, भरती वेळेवर कोणी करायची हे सांगत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: निवड आयोगाकडे गेली तर जिल्हा परिषदेच्या स्वायत्ततेचे काय? पण 2023 ची परीक्षा आयबीपीएसने घेतली, आणि त्या वेळी बहुतेक जिल्हा परिषदांत प्रशासक होते, निवडून आलेले सदस्य नव्हतेच. जी स्वायत्तता आज उरलेली नाही, तिच्यासाठी कायदा अडवणे मला पटत नाही. कोणती पदे हवीत, किती हवीत, हे ठरवण्याचा अधिकार परिषदेकडे राहावा. उमेदवार निवडणे तिच्या हातून जाण्यात तिचे नुकसान नाही.

खऱ्या अडचणी पुढेच आहेत. एमपीएससीवर अध्यक्ष आणि पाच सदस्य एवढीच मंजूर पदे, आणि राज्य शासनाची गट-क पदे टप्प्याटप्प्याने तिच्याकडेच येत आहेत. त्यात 34 जिल्हा परिषदा घालायच्या तर सदस्य आणि कर्मचारी वाढवावे लागतील, नाहीतर दिरंगाईचा पत्ता तेवढा बदलेल. वित्त विभागाची परवानगी हा दुसरा अडसर. 2022 च्या अखेरीस, जिथे मंजूर पदांचा आकृतिबंध अंतिम झाला नव्हता तिथे सरळसेवेची 80 टक्केच रिक्त पदे भरायला मुभा मिळाली. निवड मंडळ कितीही सक्षम असले तरी नसलेल्या परवानगीवर नेमणूक करू शकत नाही. तिसरी अडचण पुन्हा त्या वहीचीच. 2024 च्या कायद्याने मराठा समाजाला 10 टक्के आरक्षण दिले आणि बिंदू पुन्हा मांडावे लागले. म्हणून नव्या कायद्यात, दरवर्षी ठरलेल्या तारखेला प्रत्येक जिल्हा परिषदेने बिंदुनामावली प्रमाणित करून मागणीपत्र पाठवावे, आणि न पाठवल्यास त्याचे कारण आयोगाच्या अहवालात छापले जावे, एवढे कलम तरी असलेच पाहिजे. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, दिल्लीकडे डोळे लावावे लागत नाहीत. विधानसभा आणि विधान परिषदेचे साधे बहुमत पुरते. भरतीच्या तारखा विचारायला आमदारांकडे जाणाऱ्या उमेदवारांनी आणि त्यांच्या पालकांनी यापुढे तारखेऐवजी हे विधेयक मागावे.