खेळाचा हिशेब (भाग ६) : नाव मोठं, लक्षण कुणाचं?

ज्या खेळाडूचा बोलबाला त्याच्या खेळापेक्षा जास्त, त्याला क्रीडारसिक 'ओव्हररेटेड' म्हणतात. परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठ, गंगाखेड, पाथरीकडच्या बोलण्यात त्यासाठी जुनी म्हण पुरते : नाव मोठं, लक्षण खोटं. या शेऱ्यात दोन वेगळे आरोप असतात. एक, खेळाडू वाईट खेळतो. दुसरा, तो बरा खेळतो, पण मोजलेल्या पैशाला पुरत नाही. वाद घालणारे सहसा पहिल्या आरोपाने सुरुवात करतात आणि दुसऱ्यावर येऊन भांडतात.

प्रो कबड्डी लीगचे काही मोसम कापूस वेचणीच्या दिवसांत आले. सोनपेठसारख्या तालुक्याच्या गावी तेव्हा चहाच्या हॉटेलात मोबाइल स्टीलच्या जगाला टेकवून उभा केलेला असतो आणि त्यावर पाच-सहा डोकी वाकलेली असतात. महागडा चढाईपटू पकडला गेला की एक जण म्हणतो, "दोन कोटी घेऊन बाकड्यावर बसायलाय." दुसरा विचारतो, "त्याच्या संगं खेळायला कोण हाय?" खेळाडूच्या किमतीचा सगळा प्रश्न या दोन वाक्यांत आलेला आहे आणि त्यातलं दुसरं वाक्य जास्त जाणतं आहे.

बैलबाजारात हीच परीक्षा होते. घेणारा बैलाचे दात पाहतो, खूर पाहतो, चार पावलं चालवून पाहतो. मग दलाल आणि तो रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवतात. शेजारी उभ्या असलेल्याला आकडा कळत नाही. पण मुरलेला शेतकरी आणखी एक गोष्ट मनात धरून आलेला असतो : दावणीला असलेल्या बैलाशी याची जोड जमेल का? नवा बैल कितीही उंचापुरा असला, तरी जोडीदार तोकडा असेल तर जू एका बाजूला ओढलं जातं आणि तास वाकडं निघतं. कबड्डीच्या लिलावात रुमाल नसतो, आकडा साऱ्या देशाला दिसतो. जोडीचा प्रश्न मात्र तिथेही तोच आहे.

चढाईपटूचं नाव वाढतं ते कबड्डीच्या गुणपद्धतीमुळे. सामना ४० मिनिटांचा, चढाई ३० सेकंदांची. म्हणजे एका संघाच्या वाट्याला साधारण ४० चढाया येतात आणि त्यांतल्या निम्म्यापर्यंत चढाया एकटा मुख्य चढाईपटू करू शकतो. जो जास्त वेळा जाईल त्याचे गुण जास्त होणारच, म्हणून नुसती बेरीज पाहणं फसवं ठरतं. दुसरी गोष्ट, पकडला गेलेला खेळाडू आपल्या मर्जीने परत येत नाही. साथीदाराने गडी टिपला किंवा बचावफळीने पकड केली तरच तो सहसा आत येतो, आणि बोनस गुणावर तर कुणीच जिवंत होत नाही. म्हणजे चढाईपटू मैदानावर किती वेळ राहणार, हे बरंचसं त्याच्या संघातल्या कोपरारक्षकांच्या मनगटावर ठरतं.

बचावपटूच्या बाबतीत याच्या उलट घडतं. एखाद्या डाव्या कोपऱ्याचा धाक बसला की चढाईपटू त्या बाजूला फिरकतच नाही. तो रिकाम्या हाताने परततो, आणि कोपरारक्षकाच्या खात्यावर काहीच पडत नाही. पडद्यावरच्या तक्त्यात या धाकाला रकाना नाही. त्यामुळे चाहते चढाईपटूला डोक्यावर घेतात आणि शिव्याही त्यालाच बसतात.

भावही त्याच दिशेने चढत गेले. २०१४ च्या पहिल्या लिलावात सर्वांत महाग ठरलेल्या राकेश कुमारला पाटणा पायरेट्सने १२ लाख ८० हजारांना घेतलं होतं. चारच वर्षांनी, २०१८ मध्ये, हरियाणा स्टीलर्सने मोनू गोयतसाठी १ कोटी ५१ लाख मोजले आणि संघ आपल्या गटात तळाला राहिला. त्याच मोसमात चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई यू मुम्बाकडून पहिल्यांदा खेळला. ३६ लाख ४० हजारांत मिळालेल्या या गड्याने २१८ चढाई गुण केले, तेव्हा तो 'स्वस्तात सोनं' ठरला. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना नेलं. त्याने पुन्हा दोनशेच्या वर गुण केले, तरी टायटन्स बारा संघांत अकरावे आले आणि 'पैसे वाया गेले' अशी ओरड झाली. खेळाडूचा खेळ होता तिथेच होता. बदलली होती किंमत आणि भोवतालची माणसं.

पवन सेहरावतचं उदाहरण याहून बोलकं आहे. २०२२ मध्ये तमिळ थलायवाजने त्याच्यासाठी २ कोटी २६ लाख मोजले. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला आणि मोसम संपला. एवढा पैसा बाकड्यावर बसल्यावर संघ बुडेल असाच सगळ्यांचा होरा होता. पण नरेंदर नावाच्या नवख्या पोराने २४३ चढाई गुण केले आणि थलायवाज प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचले. पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने पवनला २ कोटी ६० लाख ५० हजारांना उचललं. खेळाडूंवर खर्चायची मर्यादा तेव्हा ५ कोटी होती, म्हणजे निम्म्याहून जास्त रक्कम एका माणसावर गेली. पवनने आपले दोनशेच्या वर गुण केलेच. टायटन्स मात्र २२ पैकी २ सामने जिंकून शेवटच्या क्रमांकावर राहिले.

पैसा एकावर ओतला म्हणून हे झालं, असा निष्कर्ष काढणं सोपं आहे, पण तो टिकत नाही. त्याच लिलावात पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरझा शाडलुईवर २ कोटी ३५ लाख घातले होते. तीही मर्यादेच्या निम्म्याजवळचीच रक्कम. पलटणने साखळीतले १७ सामने जिंकले, फक्त २ गमावले, आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादेत, टायटन्सच्याच शहरात, हरियाणाला २८-२५ असं हरवून पहिलं विजेतेपद घेतलं. अंतिम सामन्यात पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गुण आणले. फरक इतकाच की पलटणकडे अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे ही कोवळ्या वयात हेरलेली आणि टिकवून ठेवलेली पोरं आधीपासून होती. शाडलुईच्या रूपाने त्यांनी दावणीला हवा असलेला बैल आणला. टायटन्सनी बैल आधी आणला आणि जोडी नंतर शोधली.

तेव्हा 'ओव्हररेटेड' हा शेरा पुष्कळदा खेळाडूच्या नावावर मारला जातो, पण लागू पडतो संघ बांधणाऱ्याला. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये या माणसाला स्वतंत्र पद आहे, जनरल मॅनेजर. मैदानावरचे डावपेच तो ठरवत नाही. कुणाला घ्यायचं, कुणाला विकायचं, कुणाला वाढवायचं एवढंच त्याचं काम, आणि तिथले चाहते खेळाडूंइतक्याच तावातावाने या मंडळींवरून भांडतात. ब्रँच रिकी यांनी छोट्या गावांतल्या संघांतून खेळाडू तयार करण्याची पद्धत रुजवली आणि जॅकी रॉबिन्सनला करारबद्ध करून १९४७ मध्ये वर्णभेदाची भिंत फोडली. ओकलंडचे बिली बीन यांनी बाजार ज्याला किंमत देत नाही असा गुण शोधला : फलंदाज या ना त्या मार्गाने पहिल्या तळावर पोहोचतो की नाही. २००२ मध्ये त्यांच्या संघाने १०३ सामने जिंकले. न्यूयॉर्क यांकीजनेही तितकेच जिंकले, पण जवळपास तिप्पट पगार वाटून. तरीही बीन यांना जागतिक मालिका कधी जिंकता आली नाही. थिओ एपस्टीन यांनी मात्र बोस्टनचा ८६ वर्षांचा आणि शिकागो कब्जचा १०८ वर्षांचा दुष्काळ संपवला. श्रेष्ठ कोण? कमी पैशात केलेलं काम मोजलं तर बीन, करंडक मोजले तर एपस्टीन. खेळाची रीतच बदलण्याचं माप लावलं तर रिकी यांच्या जवळपास कुणी येत नाही.

कबड्डीत हे काम बहुतेक वेळा प्रशिक्षकच करतो. बी. सी. रमेश यांनी २०१९ मध्ये बंगाल वॉरियर्सला आणि नंतर पुण्याला विजेतेपद मिळवून दिलं. मात्र अस्लम आणि मोहित पहिल्यांदा पलटणकडून उतरले तेव्हा प्रशिक्षक अनुप कुमार होते. पेरणी एकाची, सुगी दुसऱ्याची. श्रेय वाटताना हा हिशेब क्वचितच होतो.

गावोगावच्या टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धांतही आता लिलाव होतात. संघमालकांना बोलीसाठी सारखेच गुण मिळतात आणि त्यांतून खेळाडू घ्यायचे असतात. पहिल्या तासात षटकार मारणाऱ्यांवर उड्या पडतात आणि शेवटी यष्टिरक्षकासाठी गुणच उरत नाहीत. मग मालकाचा चुलतभाऊ ग्लोव्हज घालतो. संघबांधणीची ही चूक कोटींच्या लिलावात आणि तालुक्याच्या लिलावात अगदी सारखी दिसते.

राहिला काळाचा मुद्दा. लौकिक कालचा असतो आणि बोली उद्यासाठी लागते. गोलंदाज मिचेल स्टार्कला २०२४ च्या आयपीएलसाठी कोलकात्याने २४ कोटी ७५ लाखांना घेतलं. सुरुवातीच्या सामन्यांत तो धुतला गेला तेव्हा गावभर त्याची टिंगल झाली. मग पहिल्या पात्रता सामन्यात आणि अंतिम सामन्यात तोच सामनावीर ठरला. निकाल लावणाऱ्यांनी मोसम संपेपर्यंत थांबायला हवं होतं. उलट बाजूने कबड्डीतल्या प्रदीप नरवालकडे पाहावं. २०१७ मध्ये त्याने २६ सामन्यांत ३६९ चढाई गुण केले आणि त्या लौकिकावर २०२१ मध्ये यूपी योद्धाने त्याला १ कोटी ६५ लाखांना घेतलं. बचावपटूंच्या हाताखालून निसटण्याची त्याची जुनी डुबकी मात्र तितकी चालेनाशी झाली होती. २०२५ च्या लिलावात त्याच्यावर एकाही संघाने बोली लावली नाही आणि त्याने निवृत्ती जाहीर केली. तेव्हा त्याच्या नावावर अठराशे चढाई गुण होते. लीगमध्ये तेवढे दुसऱ्या कुणाचेच नव्हते.