टूटू (बॅले पोशाख)

टूटू (फ्रेंच उच्चार: त्युत्यु) हा बॅले नृत्यात नर्तकीने परिधान करावयाचा पोशाख होय. अंगाला घट्ट बसणारी चोळी (बॉडिस) आणि तिला जोडलेला जाळीदार कापडाच्या अनेक थरांचा घागरा असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप असते. लहान मुलांच्या बोलीतील, पार्श्वभागासाठी वापरल्या जाणाऱ्या फ्रेंच शब्दापासून हे नाव आले असावे, असे मानले जाते. टूटूचे रोमँटिक आणि क्लासिकल असे दोन मुख्य प्रकार असून, बॅलेच्या तंत्रात झालेले बदल या पोशाखाच्या लांबी-रुंदीत स्पष्टपणे उमटलेले दिसतात.

पार्श्वभूमी

बॅलेचा उगम युरोपातील राजदरबारांत झाला. त्यामुळे आरंभीच्या नर्तकी दरबारी स्त्रियांप्रमाणेच जड, पायघोळ वस्त्रे नेसत. अशा वस्त्रांत पावलांची गती झाकली जाई आणि उड्या घेणे कठीण होई. अठराव्या शतकात पॅरिसच्या ऑपेरातील मारी कामार्गो हिने आपल्या जलद पदन्यासाचे दर्शन व्हावे म्हणून घागऱ्याची लांबी घोट्याच्या वर आणली. तिची समकालीन मारी साले हिने १७३४ मध्ये लंडन येथे 'पिग्मॅलियन' या बॅलेत घागरा फुगवणारा सांगाडा टाकून देऊन साध्या मलमली वस्त्रात नृत्य केले.

रोमँटिक टूटू

१२ मार्च १८३२ रोजी पॅरिस ऑपेरात 'ला सिल्फीद' हा बॅले सादर झाला. फिलिप्पो ताल्योनी यांनी तो रचला होता आणि त्यांची कन्या मारी ताल्योनी हिने त्यात वायुरूप परीची भूमिका केली. तिने घातलेला पांढरा, घंटेच्या आकाराचा, पोटरीपर्यंत पोहोचणारा तलम घागरा हा रोमँटिक टूटूचा आदर्श ठरला. या पोशाखाच्या रचनेचे श्रेय सामान्यतः चित्रकार यूजेन लामी यांना दिले जाते. पायांच्या बोटांच्या टोकावर तोलून केलेले नृत्य आणि पावलांमागे तरंगणारे कापड यांमुळे नर्तकी भूमीला स्पर्शच करत नाही, असा आभास निर्माण होई. १८४१ मधील 'जिझेल' या बॅलेच्या दुसऱ्या अंकात हीच शुभ्र वेशभूषा मृत तरुणींच्या आत्म्यांसाठी वापरली गेली.

या परिणामामागे तत्कालीन यंत्रविद्येचाही वाटा होता. जॉन हीथकोट यांच्या यंत्रामुळे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून जाळीदार कापड यंत्रावर विणता येऊ लागले होते. तसेच पॅरिस ऑपेरात १८२२ पासून वायुदिव्यांचा वापर सुरू झाला होता. या दिव्यांच्या मंद प्रकाशात पांढरी जाळी चांदण्यासारखी भासे.

आगीचा धोका

तलम कापड आणि उघड्या ज्योती यांचा संयोग प्राणघातक ठरला. १८४४ मध्ये लंडनच्या ड्ररी लेन नाट्यगृहात रंगमंचावर वस्त्राने पेट घेतल्याने क्लारा वेब्स्टर या नर्तकीचा मृत्यू झाला. कापड अग्निरोधक करण्यासाठी ज्याँ-आदोल्फ कार्तरों यांची पद्धत फ्रान्समध्ये उपलब्ध होती. या पद्धतीत कापड क्षारयुक्त द्रावणात बुडवले जाई. परंतु त्यामुळे कापड ताठर होई व त्याचा शुभ्रपणा जाई, म्हणून अनेक नर्तकी ते वापरण्यास राजी नसत.

मारी ताल्योनीची शिष्या एमा लिव्री हिनेही असे कापड नाकारले होते. १५ नोव्हेंबर १८६२ रोजी एका ऑपेराच्या तालमीच्या वेळी तिचा घागरा दिव्याच्या ज्योतीला लागून पेटला. तीव्र भाजल्यामुळे सुमारे आठ महिन्यांनी, २६ जुलै १८६३ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी तिचा मृत्यू झाला. दोनच वर्षांपूर्वी ताल्योनीने तिच्यासाठी रचलेल्या 'ल पापियों' या बॅलेतील फुलपाखराचे पंख मशालीच्या ज्योतीत जळतात, असा प्रसंग होता. लिव्रीच्या जळालेल्या पोशाखाचे अवशेष पॅरिस ऑपेराच्या संग्रहालयात जतन करण्यात आले आहेत.

क्लासिकल टूटू

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इटालियन नर्तकींनी गिरक्या आणि तोल यांचे अवघड तंत्र विकसित केले. हे तंत्र प्रेक्षकांना दिसण्यासाठी पाय मांडीपर्यंत मोकळे असणे आवश्यक होते. १८८५ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे आलेल्या व्हर्जिनिया झुक्की हिने आखूड घागऱ्याचा आग्रह धरला. १८९५ मध्ये मारिउस पेतिपा व लेव इव्हानोव्ह यांनी 'स्वान लेक' नव्याने रचला. त्यात पिएरिना लेन्यानी हिने एका पायावर सलग ३२ गिरक्या घेतल्या. असे कौशल्य लांब घागऱ्यात झाकले गेले असते. पुढे घागरा अधिकाधिक आखूड होत कमरेभोवती तबकडीसारखा आडवा पसरू लागला.

पेतिपा यांचा 'ला बायादेर' (१८७७) हा बॅले भारतात घडतो आणि त्याची नायिका निकिया ही मंदिरातील नर्तकी आहे. तरीही त्यातील प्रसिद्ध छायालोकाच्या दृश्यात नर्तकी शुभ्र टूटूच परिधान करतात. त्यातील भारत हा युरोपीय कल्पनेतील असून, भारतीय नृत्यवेशाशी या पोशाखाचा प्रत्यक्ष संबंध नाही.

रचना

क्लासिकल टूटूचे चोळी, कमरेपासून नितंबापर्यंतचा घट्ट पट्टा (बास्क) आणि चड्डी असे भाग असतात. चड्डीवर जाळीचे साधारणतः दहा किंवा त्याहून अधिक थर चुण्या घालून शिवतात. सर्वांत खालचा थर सर्वांत आखूड व वरचा सर्वांत रुंद असतो, त्यामुळे खालचे थर वरच्यांना आधार देतात. हे थर सैल टाक्यांनी एकमेकांना जोडलेले असतात. काही प्रकारांत मधल्या थरात लवचीक पोलादी कडी घालतात. चोळीच्या पाठीवर हुकांच्या एकाहून अधिक ओळी लावतात, ज्यायोगे तोच पोशाख वेगवेगळ्या नर्तकींना वापरता येतो. आकार टिकावा म्हणून टूटू अनेकदा उलटा टांगून ठेवतात. रुंद टूटूमुळे सहनर्तकाला नर्तकीचे पाय नीट दिसत नाहीत, म्हणून तालमीतही साधा सराव-टूटू वापरला जातो.

विसावे शतक आणि नंतर

सर्ज दियागिलेव्ह यांच्या 'बॅले रूस' या संस्थेने टूटूचे वर्चस्व मोडले. 'शेहेराजाद' (१९१०) साठी लिओन बाक्स्त यांनी भडक रंगांचे, सैल विजारींचे पोशाख रचले. अमेरिकेत बार्बरा कारिन्स्का यांनी नृत्यरचनाकार जॉर्ज बालांचिन यांच्यासाठी कडी नसलेला, आखूड व मऊ थरांचा टूटू तयार केला. कडी असलेले टूटू समूहनृत्यात एकमेकांना घासून उचलले जात; नव्या रचनेने ही अडचण दूर झाली. बालांचिन यांनी पुढे अनेक बॅले केवळ सरावाच्या साध्या वेशात सादर केले.

टूटूसोबत वापरले जाणारे गुलाबी पायमोजे व बूट हे गोऱ्या वर्णाच्या नर्तकींना समोर ठेवून रूढ झाले. पायाची रेषा अखंड दिसावी हा त्यामागील हेतू कृष्णवर्णीय नर्तकींच्या बाबतीत साध्य होत नसे. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या 'डान्स थिएटर ऑफ हार्लेम' या संस्थेने १९७० च्या दशकात प्रत्येक नर्तकीच्या त्वचेच्या रंगाशी जुळणारे पायमोजे व बूट वापरण्यास सुरुवात केली. त्यापूर्वी व नंतरही अनेक नर्तकींना आपले बूट स्वतः रंगवून घ्यावे लागत. लंडनच्या 'फ्रीड' या कंपनीने 'बॅले ब्लॅक' या संस्थेच्या सहकार्याने तपकिरी छटांचे टोकदार बूट २०१८ मध्ये बाजारात आणले.

कलेतील चित्रण

एद्गार देगा यांच्या अनेक चित्रांत टूटू परिधान केलेल्या नर्तकी तालमीत किंवा विसावलेल्या दिसतात. १८८१ मध्ये पॅरिस येथे प्रदर्शित झालेल्या त्यांच्या चौदा वर्षांच्या नर्तकीच्या मेणाच्या शिल्पाला खऱ्या कापडाचा घागरा नेसवलेला होता.