फुप्फुसातील चेता-अंतःस्रावी अर्बुदे आणि शस्त्रक्रियेनंतरचे आयुर्मान

कोल्हापूर वा भोवतालच्या तालुक्यांतील एखाद्या मनुष्यास खोकल्यातून रक्त पडू लागले, तर प्रथम संशय क्षयाचा घेतला जातो. आणि क्षयाचा आपल्याकडील प्रसार पाहता तो घेणे युक्तच होय. परंतु थुंकीत क्षयजंतू सापडत नाहीत, औषधांनी गुण येत नाही, आणि फुप्फुसाच्या त्याच भागास वारंवार सूज येते, अशा वेळी श्वासनलिकेत वाढणाऱ्या एका विरळा अर्बुदाचे स्मरण ठेवणे अवश्य असते. दम्याच्या उपचारांतही या अर्बुदाची कित्येक वर्षे निघून जातात.

ओबेर्नडॉर्फर या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने १९०७ साली आतड्यातील अशाच अर्बुदांना ‘कार्सिनॉइड’, म्हणजे कर्करोगासारखे, असे नाव दिले. फुप्फुसात या वर्गाचे चार प्रकार मानले जातात. सूक्ष्मदर्शकाखाली २ चौरस मिलिमीटर क्षेत्रात विभाजन पावणाऱ्या पेशी २ पेक्षा कमी असून ऊतिमृत्यू नसेल, तर ते नमुनेदार कार्सिनॉइड होय. ही संख्या २ ते १० असेल, किंवा ऊतिमृत्यू दिसेल, तर ते अनमुनेदार. १० हून अधिक संख्या असल्यास महापेशी किंवा लघुपेशी कर्करोग समजावा. या शेवटच्या दोहोंचा तंबाखूच्या धूम्रपानाशी निकटचा संबंध आहे. नमुनेदार कार्सिनॉइडचा तसा नाही.

शस्त्रक्रियेनंतर रोगी किती वर्षे जगेल, हे सर्वांत अधिक या प्रकारावरच अवलंबून असते. नमुनेदार कार्सिनॉइडचे शेकडा ९० च्या आसपास रोगी पाच वर्षांनंतरही हयात असतात. अनमुनेदार प्रकारात हे प्रमाण स्पष्टपणे कमी होते, आणि महापेशी कर्करोगात त्याहूनही खालावते. दुसरा घटक लसीकाग्रंथींचा. त्यांत रोग शिरला असेल तर, विशेषतः अनमुनेदार प्रकारात, भविष्य बिघडते. म्हणून अर्बुद काढताना छातीतील ग्रंथीही काढून तपासल्या पाहिजेत. न तपासलेली ग्रंथी निरोगी होती असे म्हणता येत नाही. तिसरा घटक छेदाच्या कडेचा: तेथे रोग मागे राहिला तर शस्त्रक्रिया अपुरी ठरते. रोग्याचे वय व शरीरात इतरत्र झालेला प्रसार हेही महत्त्वाचे होत.

मात्र रोग संपूर्ण काढणे म्हणजे सगळे फुप्फुस काढणे नव्हे. क्लेमेंट प्राइस थॉमस या ब्रिटिश शल्यवैद्याने १९४७ साली श्वासनलिकेचा रोगग्रस्त तुकडा तेवढा कापून उरलेली टोके जोडली व फुप्फुस वाचविले. आज मध्यवर्ती कार्सिनॉइडसाठी ही पद्धत मान्य आहे.

वरील घटकांपैकी अर्बुदाचा प्रकार व वय मनुष्याच्या हाती नाहीत. वेळेवर निदान, ग्रंथींची तपासणी व कडांची शुद्धता ही मात्र हाती आहेत. तसेच हे अर्बुद दहा वर्षांनंतरही पुन्हा उद्भवू शकते. म्हणून पाच वर्षे निर्वेध गेली की रोग संपला, असे मानून तपासणी थांबविणे धोक्याचे आहे. १९४१ साली सुरू झालेल्या मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या दूरच्या ठिकाणी शस्त्रक्रिया झालेल्या रोग्याने तेथील तपासणीचा अहवाल जपून ठेवावा, आणि कोल्हापुरातील वैद्याने तो मागून वाचावा. अर्बुदाचा प्रकार व ग्रंथींची स्थिती हे त्यातील दोन शब्दच पुढील देखरेख किती काळ व किती काटेकोर असावी हे ठरवितात.