उघड्या डोंगराचे रान झाले, खदानीचेही होईल!

रस्त्यासाठी, घराच्या भरावासाठी मुरूम काढला आणि खड्डा तसाच सोडून दिला, अशा जुन्या खदानी आपल्या खानदेशात गावोगाव दिसतात. पावसाळ्यात डबके, उन्हाळ्यात उकिरडा. 'इथं काय उगवणार? कुसळसुद्धा नाही!' असे म्हणून आपण पुढे जातो. ज्यांना असे वाटते त्यांनी एकदा साक्री तालुक्यातले बारीपाडा बघून यावे.

धुळ्याहून साक्री, पिंपळनेर करीत गुजरातच्या सीमेकडे निघा. साधारण शंभर किलोमीटरचा पल्ला आहे. कोकणा आदिवासींचा हा लहानसा पाडा. इथे खदान नव्हती हे खरे. पण १९९० च्या सुमारास तोडीमुळे इथले डोंगर बोडके झाले होते. माती वाहून चालली होती, विहिरी आटत होत्या, पाण्यासाठी बायांची पायपीट चालू होती. एम.कॉम. झालेले चैत्राम पवार नोकरीमागे न जाता गावातच राहिले. वनवासी कल्याण आश्रमाची साथ मिळाली आणि गावाने एकत्र बसून नियम केले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, मोडील त्याला दंड, आणि राखणीला गावचीच माणसे.

आज गाव सुमारे ४४५ हेक्टर, म्हणजे अकराशे एकर जंगल राखते आहे. विहिरींना पाणी टिकते. पावसाळ्यात वनभाजी महोत्सव भरतो, त्यात बाया रानभाज्या रांधून मांडतात. २०२५ साली चैत्राम पवारांना पद्मश्री जाहीर झाली.

आता तिथे गेल्यावर काय बघायचे? नुसती हिरवाई बघून परत येऊ नका. एक गोष्ट समजून घ्या. रान परत आणण्यात लावणीपेक्षा राखणीचा वाटा मोठा असतो. साग, पळस तोडला तरी मूळ जमिनीत जिवंत असते. बुडख्याला धुमारे फुटतात. दरवर्षी शेळी ते खुडते, कुऱ्हाड ते छाटते, म्हणून झाड होत नाही. चार-पाच वर्षे हात लावला नाही, तर तोच धुमारा उंच होतो. पाला पडतो, कुजतो, माती धरतो, पाणी मुरते.

खदानीचे मात्र वेगळे, बरं का. तिथे माती गेली आणि मूळही गेले. नुसती राखण करून भागणार नाही. आधी मातीची सोय करावी लागेल. त्यासाठी हा क्रम ठेवा :

पहिले, खदानीचे उभे कडे उतरते करा. कडा ढासळून किंवा साचलेल्या पाण्यात पडून लेकरे-गुरे दगावतात. भोवती काटेरी कुंपण घाला. दुसरे, तळाशी दगडी बांध घालून वाहती माती अडवा. धरणा-तळ्यातला गाळ मिळाला तर तो पसरा. तिसरे, आधी गवत. पवन्या, मारवेल, सोबत स्टायलो पहिल्या पावसावर फेका. गवताने माती धरली की सीताफळ, बाभूळ, निंब, करंज टोका. सीताफळ मुरमाड जमिनीत चांगले तग धरते, शिवाय गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. चौथे, निदान पाच वर्षे चराई बंद. गवत विळ्याने कापून न्या, गुरे आत सोडू नका.

जागा कोणाच्या नावे आहे ते तलाठ्याकडे सातबारावर बघून घ्या. सरकारी असेल तर ग्रामसभेत ठराव करून रीतसर परवानगी मागा.

आणखी एक सांगतो. तोडलेले रान राखणीने वीस-पंचवीस वर्षांत उभे राहते. पण मुरूम काढलेली माती आपल्या हयातीत पुरती भरून येत नाही. म्हणून जुनी खदान सुधारण्याआधी, गायरानात नवी खदान होऊ द्यायची का, हा प्रश्न ग्रामसभेत विचारा. ट्रॅक्टरमागे मिळणारे पैसे एकदाच मिळतात. गवत, सरपण आणि विहिरीचे पाणी दरवर्षी.

गावातली चार जाणती माणसे आणि चार तरुण पोरे घेऊन बारीपाड्याला जाऊन या. तिथल्या मंडळींना झाडे किती लावली हे विचारू नका. भांडणे कशी मिटवली, दंड कसा वसूल केला, हे विचारा. तेच शिकण्यासारखे आहे.